दहा हजार धुरांची दरी

प्रवासवर्णनें वाचण्याची ज्यांस आवड आहे त्यांच्या ध्यानांत एक गोष्ट सहज आली असेल. वर्णनकार एखाद्या शहराविषयीं लिहूं लागला म्हणजे त्या शहराचा इतिहास सांगतो. राजे, लढाया, देवळें, बाजारपेठा यांच्या तारखा देतो. परंतु तोच वर्णनकार एखाद्या ओसाड डोंगराळ मुलुखांत शिरला कीं इतिहास मागें ठेवतो आणि सृष्टीच्या अनादित्वाविषयीं बोलूं लागतो. जणूं काय जेथें घरें नाहींत तेथें काळही नाहीं ! निर्जन प्रदेश हा आरंभापासून निर्जनच होता, आणि आपलें पाऊल तेथें पडेपर्यंत तेथें कांहीं घडलेंच नव्हतें, अशी एक गोड समजूत प्रवाशाच्या मनांत वसत असते. ही समजूत कितपत खरी आहे हें पारखून पाहण्यास अलास्कांतील कॅटमाय हा प्रदेश फार सोईचा आहे. कारण तो ओसाड केव्हां झाला हें शतकांच्या अंदाजानें नव्हे, तर तारीखवार सांगतां येतें.

अमेरिका खंडाच्या वायव्य टोंकास अलास्का आहे, आणि त्या अलास्काच्या नैऋत्य बाजूस एक लांबट द्वीपकल्प जिभेसारखें समुद्रांत शिरलें आहे. त्याच्या एका अंगास बेरिंग समुद्र, दुसऱ्या अंगास शेलिकॉफची सामुद्रधुनी आणि सामुद्रधुनीपलीकडे कोडियाक हें मोठें बेट. द्वीपकल्पाच्या पाठीच्या कण्यासारखी ज्वालामुखींची एक ओळ त्यावरून गेलेली आहे. पॅसिफिक महासागराचा तळ येथें उत्तरेकडील भूखंडाखालीं हळूहळू दडपला जात असतो. खोल गेल्यावर त्याच्या योगानें वरील खडक वितळतात, आणि तो शिलारस वाट फुटेल तेथें वर येतो. या ओळींतच कॅटमाय नांवाचें शिखर आहे. तेथें आजही रेल्वे नाहीं, आणि बाहेरच्या जगाशीं जोडणारी सडकही नाहीं. प्रवाशानें विमानानें किंग सॅमन या गांवीं जावें, तेथून पाण्यावर उतरणाऱ्या लहान विमानांत किंवा होडींत बसावें आणि एका सरोवराच्या कांठीं उतरावें, असा तेथील रिवाज आहे.

इतक्या दूरच्या आणि दुर्गम जागीं मनुष्यवस्ती कशी असणार, असें वाचकांस वाटेल. परंतु ती होती, आणि फार जुनी होती. या प्रदेशांत ब्रूक्स नांवाची, दोन सरोवरांस जोडणारी, जेमतेम अडीच किलोमीटर लांबीची नदी आहे. तिच्या कांठच्या उत्खननांत चार हजार वर्षांहूनही जुन्या वस्तीच्या खुणा सांपडल्या आहेत. त्याचें कारण उघड आहे. दर उन्हाळ्यांत सामन जातीचे मासे समुद्रांतून लाखांनीं या नद्यांत चढतात. जेथें अन्न असें आपल्या पायांनीं, किंवा आपल्या परांनीं म्हणा, दारांत चालत येतें, तेथें मनुष्य राहिला नसता तरच नवल. सामुद्रधुनीच्या बाजूस अलुटिक लोकांचें कॅटमाय हें गांव होतें. डोंगरापलीकडे, सरोवराच्या बाजूस, सॅव्होनोस्की हें गांव होतें. अठराव्या शतकांत रशियन व्यापारी केसाळ कातड्यांच्या लोभानें या किनाऱ्यावर आले. त्यांच्या मागोमाग त्यांचा धर्म आला, आणि या गांवांतून ऑर्थोडॉक्स पंथाचीं लहान लहान देवळें उभीं राहिलीं. पुढें १८६७ सालीं रशियानें अलास्का अमेरिकेस विकला. तरी देवळें आणि रशियन आडनांवें तेथें तशींच राहिलीं.

या दोन गांवांच्या मधून कॅटमाय खिंडीची वाट जात असे. एका समुद्राकडून दुसऱ्या समुद्राकडे जाण्याचा हा जवळचा रस्ता. स्थानिक लोक तो पिढ्यान् पिढ्या वापरीत होते. नोमच्या बाजूस सोनें सांपडल्याची हूल उठली तेव्हां सोन्याचे शोधकही त्याच वाटेनें गेले. जोसाया स्पर हा अमेरिकन सरकारच्या भूस्तर-संशोधन खात्याचा विद्वान् १८९८ च्या ऑक्टोबरांत ही खिंड ओलांडून गेला. त्याच्याबरोबर ओझीं वाहणारे आणि वाट दाखविणारे लोक येथलेच होते. म्हणजे शास्त्रज्ञांच्या लेखांतही हा प्रदेश अज्ञात नव्हता. खिंडीच्या उत्तरेकडील उतारावर एक रुंद दरी होती. तींतून नद्या वाहत, तिच्या खालच्या भागांत झाडी होती, आणि शिकारीस जाणारे लोक तिच्या तोंडाशीं उकाक येथें मुक्काम करीत. ही दरी वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. कारण पुढील सर्व कथा तिचीच आहे.

१९१२ च्या जून महिन्याच्या आरंभीं येथें जमीन हालूं लागली. धक्के दिवसेंदिवस वाढत गेले. कॅटमायचे बहुतेक लोक त्या वेळीं मासे पकडण्याच्या हंगामासाठीं किनाऱ्यावरील काफ्लिया उपसागराकडे गेलेले होते. जे थोडे मागें राहिले होते त्यांनीं धरणीचें हें लक्षण ओळखलें आणि गांव सोडलें. ६ जून रोजीं दुपारीं स्फोट झाला. त्याचा आवाज सुमारे बाराशें किलोमीटरांवरील जूनो शहरांत ऐकूं गेला. पुढें सुमारे साठ तास पृथ्वीच्या पोटांतून राख, सच्छिद्र दगड आणि जळते वायु बाहेर पडत होते. एकंदर तेरा घनकिलोमीटरांच्या आसपास शिलारस या तीन दिवसांत बाहेर आला, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. सबंध विसाव्या शतकांत याहून मोठा उद्रेक पृथ्वीवर झाला नाहीं. १९८० सालीं सेंट हेलेन्स पर्वताचा जो स्फोट जगभर गाजला, त्याच्या सुमारें तीसपट हा होता.

कोडियाक हें शहर तेथून दीडशें किलोमीटरांहून अधिक दूर. परंतु त्या शहरावर दिवसाढवळ्या काळोख पडला आणि तो जवळजवळ साठ तास राहिला. हात लांब करून धरलेला कंदील धरणाऱ्यासच दिसेना. राखेच्या भारानें छपरें कोसळलीं, विहिरींचें पाणी नासलें, आणि जवळच्या बेटावरील बिनतारी यंत्राचें ठाणें वीज पडून जळाल्यामुळें बाहेर कोणास कळविण्याची सोयही उरली नाहीं. 'मॅनिंग' नांवाचें एक सरकारी जहाज दैवयोगानें बंदरांत होतें. सुमारे पांचशें माणसांनीं त्यावर आश्रय घेतला. कॅनडांतील व्हँकूवर शहरांत, म्हणजे हजाराहून अधिक मैलांच्या पल्ल्यावर, पावसांत इतकें आम्ल उतरलें कीं दोरीवर वाळत घातलेलें कापड विरूं लागलें. तिकडे आफ्रिकेच्या उत्तर किनाऱ्यावर, अल्जीरियांत, सूर्याच्या उष्णतेचें मापन करीत बसलेल्या चार्ल्स ॲबट या अमेरिकन ज्योतिर्विदास आकाश एकाएकीं धुरकट झालेलें दिसलें, आणि सूर्याचा ताप कमी भरूं लागला.

ही झाली दूरच्या लोकांची हकीकत. जवळच्यांची हकीकत दोन माणसांच्या तोंडून आपणांस मिळते. काफ्लिया येथें अडकलेल्या इव्हान ऑर्लॉफ यानें ९ जून रोजीं आपल्या पत्नीस एक पत्र लिहिलें तें उपलब्ध आहे. आपण प्रत्येक क्षणीं मृत्यूची वाट पाहत आहों, एक डोंगर जवळच फुटला आहे, नद्या राखेनें भरल्या असून प्यावयास पाणी नाहीं, दिवसरात्र दिवे लावून बसावें लागत आहे, असें त्यांत त्यानें कळविलें आहे. दुसरा साक्षी 'अमेरिकन पीट' या नांवानें ओळखला जाणारा सॅव्होनोस्कीचा प्रमुख. तो स्फोटाच्या वेळीं उकाकच्या वाटेवर होता. पुढें १९१८ सालीं त्यानें संशोधकांस सांगितलें, कीं डोंगर फुटला आणि कॅटमायच्या वाटेनें आग खालीं आली. आम्ही धांवत गांवीं आलों, सर्वांस कातड्याच्या होड्यांत बसविलें, आणि अंधारांत, अंगावर गरम राख पडत असतां, नॅकनेकपर्यंत वल्हीं मारलीं. त्यानें आणखी एक गोष्ट सांगितली. दर वर्षीं मासे सुकवून झाले म्हणजे आपण महिनाभर शिकारीसाठीं तिकडे परत जातों. पण तेथें राहण्यास मात्र आतां कधींच जातां येणार नाहीं. आणि मग त्या गांवाचें त्यानें वर्णन केलें: झाडी चांगली, शिकार भरपूर, घरासमोरच मासे, देऊळ चांगलें, घर चांगलें.

या उद्रेकांत प्रत्यक्ष सांपडून कोणी मेल्याची नोंद नाहीं. वस्ती विरळ होती हें त्याचें एक कारण. जमीन काय म्हणते हें त्या वस्तीस कळत होतें हें दुसरें. परंतु प्राण वाचले तरी गांवें वाचलीं नाहींत. कॅटमाय व त्या किनाऱ्यावरील डग्लस गांवच्या लोकांस सरकारनें नैऋत्येस दूर नेऊन वसविलें, आणि 'मॅनिंग'च्या पेरी नांवाच्या कप्तानावरून त्या वसाहतीस पेरीव्हिल असें नांव पडलें. सॅव्होनोस्कीच्या लोकांनीं नॅकनेक नदीच्या कांठीं नवें सॅव्होनोस्की उभारलें. जुनीं घरें राखेखालीं राहिलीं. ज्यास आज आपण निर्जन अरण्य म्हणतों त्याचा हा आरंभ होय.

आतां प्रवासी येतात. रॉबर्ट ग्रिग्ज हा ओहायो येथील विद्यापीठांतला वनस्पतिशास्त्राचा अध्यापक. ज्वालामुखीशीं त्याचा संबंध नव्हता. राखेनें झांकलेल्या भूमींत वनस्पति परत कशा येतात, एवढाच त्याचा प्रश्न होता, आणि तो सोडविण्यासाठीं अमेरिकेच्या नॅशनल जिऑग्रफिक सोसायटीनें त्यास पाठविलें. १९१५ सालीं कोडियाकला उतरल्यावर त्यास नवल वाटलें. फूटभर राखेखालीं गाडलेलें बेट पुन्हां हिरवेंगार झालें होतें. जुन्या मुळ्यांनींच राख भेदून कोंब वर काढले होते, आणि गवत पूर्वींपेक्षांही दाट माजलें होतें. परंतु सामुद्रधुनी ओलांडून तो कॅटमायच्या किनाऱ्यास लागला तेव्हां चित्र अगदीं पालटलें. नदीचें पात्र मैलोगणती रुंदीची रेताड दलदल झालें होतें. गांवाचें देऊळ तेवढें चिखलाच्या विस्तारांत उभें होतें, आणि घरांतून सच्छिद्र दगडांचा गाळ भरलेला होता. त्या वर्षीं नदीच्या रुतणाऱ्या वाळूनें त्यास पुढें जाऊं दिलें नाहीं.

पुढल्या वर्षीं तो पुन्हां आला. कॅटमाय शिखरावर चढून पाहतो तों शिखरच नाहीं ! डोंगराचा माथा नाहींसा होऊन त्याजागीं काहीं किलोमीटर रुंदीचा एक प्रचंड खळगा पडला होता आणि त्याच्या तळाशीं एक तळें होतें. नंतर ३१ जुलै १९१६ रोजीं तो आणि त्याचा सोबती फोल्सम हे जुन्या व्यापारी वाटेनें खिंड चढून गेले. थकून परत फिरण्याच्या बेतांत असतां पलीकडे वाफेचा एक झोत दिसला म्हणून ग्रिग्ज आणखी थोडा वर चढला, आणि त्याच्या दृष्टीस ती दरी पडली. स्परनें पाहिलेली, अमेरिकन पीटची ओळखीची तीच दरी. परंतु आतां तिच्यांत एक झाड नव्हतें, कीं एक नदी नव्हती. शंभराहून अधिक चौरस किलोमीटरांची ती जागा सपाट पिवळट राखेनें भरून गेली होती, आणि तिच्या हजारों छिद्रांतून पांढऱ्या वाफेचे स्तंभ आकाशांत चढत होते. कित्येक स्तंभ शेंकडों फूट उंच होते. ग्रिग्जनें तिला 'दहा हजार धुरांची दरी' असें नांव दिलें. ही संख्या मोजून काढलेली नव्हती हें सांगावयास नकोच.

पुढील तीन वर्षांत मोठमोठ्या तुकड्या तेथें गेल्या. त्यांच्या मुक्कामाच्या हकीकती वाचल्या म्हणजे मौज वाटते आणि भीतीही वाटते. तंबूखालील जमीन इतकी तापलेली असे कीं कांहीं इंच खोल घातलेला उष्णतामापक उकळत्या पाण्याच्या अंकापर्यंत चढे. स्वयंपाकास लांकूड लागत नसे. वाफेच्या एखाद्या भोंकावर भांडें धरलें कीं काम होई. मात्र वाफेचा जोर एवढा, कीं तवा वर उचलला जाऊं नये म्हणून तो दाबून धरावा लागे. १९१९ सालीं रसायनशास्त्रज्ञांनीं कांहीं छिद्रांची उष्णता मोजली ती ६०० अंश शतमानाहूनही अधिक भरली. दरीच्या वरच्या टोंकास काळ्या खडकाचा सुमारे चारशें मीटर रुंदीचा एक बुटका घुमट उभा होता. ग्रिग्जनें त्यास लॅटिन भाषेंतील 'नव्यानें फुटलेला' या अर्थाचें 'नोव्हारुप्टा' हें नांव दिलें, आणि कॅटमायच्या मोठ्या स्फोटाचें तें एक लहान उपांग असें समजून तो पुढें गेला. राखेखालून पुन्हां वाट काढणाऱ्या एका नदीस संशोधकांनीं 'लीथी' म्हटलें. ग्रीक पुराणांत लीथी ही विस्मृतीची नदी होय. तिचें पाणी प्यालें असतां मृतांस मागील जन्माची आठवण राहत नाहीं.

या वर्णनांनीं अमेरिकेंत खळबळ उडविली, आणि २४ सप्टेंबर १९१८ रोजीं अध्यक्ष विल्सन यांनीं दहा लाख एकरांहून अधिक प्रदेश राष्ट्रीय स्मारक म्हणून राखून ठेविला. यलोस्टोन येथील गरम पाण्याचीं कारंजीं हा त्या राष्ट्राचा अभिमानाचा विषय. ही दरी त्यांच्या तोडीचें आश्चर्य होय, आणि हें आश्चर्य दीर्घकाळ टिकेल, अशी ग्रिग्जची खात्री होती. हेतु उदात्त होता यांत शंका नाहीं. जगाच्या हितासाठीं एखादी भूमि लोभापासून वांचवून ठेवावी, ही कल्पना त्या काळीं बऱ्याच राष्ट्रांस सुचलीही नव्हती. १९३१ सालीं स्मारकाची हद्द दुपटीहून अधिक वाढविण्यांत आली. जुनें सॅव्होनोस्की आणि ब्रूक्स नदी हीं दोन्ही तींत आलीं. जेथें अमेरिकन पीटसारखे लोक दर शरद ऋतूंत शिकारीस आणि मासे वाळविण्यास जात, तेथें आतां शिकार करणें हा गुन्हा झाला. पहिल्या वेळीं राखेनें त्यांस बाहेर काढलें होतें. दुसऱ्या वेळीं कायद्यानें काढलें. राखेचा कोणावर रोष नव्हता, आणि कायद्याचाही नसेल; परंतु दोहोंचा परिणाम सारखाच झाला.

इतकें करून ज्या धुरासाठीं हें सारें केलें तो धूर मात्र राहिला नाहीं. वर्षागणिक वाफेचे स्तंभ कमी होत गेले, आणि १९३० च्या सुमारास बहुतेक विझले. याचें कारण पुढें स्पष्ट झालें. ती वाफ पृथ्वीच्या खोल पोटांतून येत नव्हती. जळती राख दरींत उतरली तेव्हां तिनें नद्या, झरे आणि बर्फ यांस गाडलें. कांहीं ठिकाणीं तो थर दोनशें मीटरांपर्यंत जाड होता. त्या थराच्या उष्णतेनें खालचें पाणी उकळत होतें आणि भेगांतून वर येत होतें. चुलीवरून उतरलेलें आधण जसें निवत जातें तसा तो थर निवाला, आणि वाफ थांबली. यलोस्टोनच्या कारंज्यांस खालून सतत आंच मिळते. येथें चूल नव्हती, नुसती ऊब होती.

एवढ्यावरच थांबलें नाहीं. फुटलेला डोंगर कोणता, हाही प्रश्न पुन्हां उघडावा लागला. कॅटमायचा माथा गेला, तेव्हां तोच उडाला असला पाहिजे, हा ग्रिग्जचा तर्क साहजिक होता, आणि चाळीस वर्षें जगानें तो मान्य केला. १९५० नंतरच्या दशकांत गार्निस कर्टिस या भूगर्भशास्त्रज्ञानें निरनिराळ्या ठिकाणीं राखेच्या थरांची जाडी मोजली. दिवा जेथें असेल तेथें काजळी अधिक, हा साधा न्याय. आणि त्या न्यायानें सर्व मापें कॅटमायकडे बोट न दाखवितां दहा किलोमीटर दूर असलेल्या त्या बुटक्या नोव्हारुप्टाकडे बोट दाखवूं लागलीं. खरा प्रकार असा, कीं कॅटमायच्या खालचा शिलारस भूमीच्या आंतून झिरपत जाऊन नोव्हारुप्टापाशीं बाहेर पडला, आणि आधार गेल्यामुळें कॅटमायचा माथा उडाला नाहीं, तर आंत खचला. ज्या घुमटास ग्रिग्जनें स्वतः नांव दिलें तोच अपराधी होता. तो त्याच्या समोर उभा राहिला असतां त्यानें डोळे वर करून मोठ्या शिखराकडे पाहिलें. इतिहासांतही असेंच होतें. मोठें सिंहासन कोसळलें कीं कारण त्या सिंहासनापाशींच असावें असें आपण धरून चालतों. खरा स्फोट कोठें तरी कोपऱ्यांत झालेला असतो. येथें अमेरिकन पीटची साक्ष पुन्हां आठवावीशी वाटते. डोंगराचें नांव त्यानेंही कॅटमाय असेंच घेतलें. परंतु आग वाटेनें, म्हणजे त्या दरींतून, खालीं आली हें जें त्यानें सांगितलें तें अक्षरशः खरें होतें. जळत्या राखेचा लोंढा दरी भरीत आला हें शास्त्रज्ञांनीं थर पाहून ठरविलें. त्यानें तें डोळ्यांनीं पाहिलें होतें.

ग्रिग्जचा मूळ प्रश्न मात्र शिळा झालेला नाहीं. राखेवर जीवन परत कसें येतें ? या प्रश्नाशीं आपल्या महाराष्ट्राचेंही नातें आहे. वेरूळचीं लेणीं, रायगडचे कडे आणि सह्याद्रीचे पायऱ्यापायऱ्यांचे डोंगर हे सर्व थिजलेल्या लाव्ह्याचे आहेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं भूमीच्या भेगांतून तो थरावर थर वाहत आला. त्या थरांच्या मधून ठिकठिकाणीं तांबड्या मातीचे पट्टे दिसतात. दोन उद्रेकांमधील शांततेच्या काळांत खडक कुजून ती माती झाली. मुंबईस वरळीच्या टेकडींत अशाच दोन थरांमधील गाळांत बेडकांचे अश्मीभूत अवशेष सांपडले आहेत. म्हणजे आग थांबतांच जीव परत आले होते. परंतु आपल्या दख्खनचा दाह पाहण्यास मनुष्य नव्हता. कोणाचें गांव त्याखालीं गेलें नाहीं. कॅटमायची गोष्ट म्हणूनच निराळी आहे. तेथें दगडाच्या थरांत मनुष्याची स्मृतीही गाडलेली आहे.

आज त्या दरीस जाणारा प्रवासी काय पाहतो ? १९५० सालीं ब्रूक्स नदीच्या कांठीं मासे पकडण्याच्या शौकिनांसाठीं एक मुक्काम उघडला. तेथून सुमारे सदतीस किलोमीटरांची एक कच्ची वाट दरीच्या तोंडापर्यंत जाते, आणि उन्हाळ्यांत एक गाडी लोकांस नेऊन आणते. बहुतेक लोक खरें पाहतां अस्वलें पाहण्यास येतात. धबधब्याच्या कडेवर उभें राहून उडते सामन तोंडांत झेलणारीं तीं प्रचंड अस्वलें आतां जगप्रसिद्ध झालीं आहेत. जे थोडे लोक पाठीवर ओझें घेऊन दरींत उतरतात त्यांस धूर दिसत नाहीं. दिसतो तो गुलाबी, पिवळा आणि करडा असा राखेचा सपाट विस्तार, आणि त्यांत नद्यांनीं कापलेल्या अरुंद, खोल घळी. वारा सुटला कीं १९१२ ची राख पुन्हां उडूं लागते. १९६५ आणि १९६६ सालीं चंद्रावर जाऊं इच्छिणाऱ्या अमेरिकन अंतराळवीरांस भूस्तर ओळखण्याचे धडे देण्यासाठीं येथें आणलें होतें. पृथ्वीवर चंद्रासारखी जागा शोधतां शोधतां ही सांपडली. १९८० सालीं या स्मारकाचें राष्ट्रीय उद्यान झालें, आणि त्याचा विस्तार चाळीस लाख एकरांच्या आसपास गेला.

चंद्रासारखी जागा ! प्रवाशास या उपमेचा मोह होणें साहजिक आहे. परंतु चंद्रावर कोणाचें देऊळ नव्हतें. या दरीच्या वाटेवरून कातड्यांचीं ओझीं गेलीं, टपाल गेलें, नवरानवरी गेलीं असतील. तिच्या तोंडाशीं ज्यांचा मुक्काम होता त्यांचे नातू-पणतू अजून आहेत. आणि ते नुसते आहेत असेंही नाहीं. १९९६ सालीं अमेरिकन कायदेमंडळानें असें ठरविलें, कीं नॅकनेक सरोवराच्या परिसरांत पूर्वीं राहणाऱ्यांच्या वंशजांनीं तेथें लाल माशांची पारंपरिक मासेमारी चालू ठेवावी. शरद ऋतूंत, अंडीं घालून झाल्यावर रंग पालटलेले सामन धरावयाचे आणि धुरावर वाळवावयाचे, एवढाच तो अधिकार. उद्यानाच्या अफाट विस्तारांत ही बाब बारीकशी दिसेल. आम्हांस ती फार मोठी वाटते. एखाद्या राष्ट्रानें आपल्या पवित्र अरण्याच्या दाराशीं उभें राहून, हें अरण्य होण्यापूर्वीं येथें कोणाचें तरी अंगण होतें, असें लेखी मान्य करावें, हें रोज घडत नाहीं.

१९१८ सालीं जगास वाटलें कीं धूर कायमचा आहे आणि माणसें गेलीं. काळानें हा हिशेब अगदीं उलटा करून दाखविला. जो धूर राखण्यासाठीं भूमि राखली तो बारा-पंधरा वर्षांत विरला. आणि ज्यांस जमेंतही धरलें नव्हतें तीं माणसें नव्या गांवांतून, जुनें नांव धरून, दर हंगामास परत येत राहिलीं. ग्रिग्जसारख्या धाडसी व निरलस संशोधकाचें मोल यानें कमी होत नाहीं. तो तेथें गेला नसता तर ही दरी आपणांस कळली नसती, आणि अमेरिकन पीटचे शब्द लिहून ठेवणाराही कोणी निघाला नसता. परंतु प्रवाशानें एक प्रश्न विचारण्याची संवय ठेवावी असें आम्हांस वाटतें. कोणत्याही निर्जन रानांत, डोंगरांत किंवा बेटावर पाऊल टाकतांना, येथें काय सुंदर आहे एवढेंच न विचारतां, येथें कोण होतें आणि तें कोठें गेलें, असेंही त्यानें विचारावें. उत्तर कित्येकदां जवळच्या नदीच्या कांठीं, मासे वाळवीत बसलेलें असतें.